सात नंबरचा मार्च, घरच्या घरी

२२ मार्च २०२०, रविवार. सायंकाळी ६
जनता कर्फ्यू. पाच वाजता अख्ख्या कळंबनं गच्चीवर येऊन ताटं बडवली. मी फ्रेंच हॉर्न वाजवला. तालुक्यात हे वाद्य एकट्या माझ्याकडं आहे. जिल्ह्यातही असावं. पोलीस बँडमध्ये एकतीस वर्षं वाजवलं आणि रिटायर होताना निकामी सामानात काढलेला हॉर्न रीतसर अर्ज करून घरी आणला. निकामी हॉर्न नाही. तसा शेरा मारणारा.
शेजारचे गौरीशंकर (आडतवाले, वय अंदाजे ५०) हातातलं ताट खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिले. भारावले असावेत. नंतर त्यांनी भुवनेश्वरीला (पत्नी) विचारलं म्हणे, वहिनी, टेम्पो कधी घेतला?
ती हे हसत सांगत होती. मी हसलो नाही. नोंद घेतली.

२५ मार्च, बुधवार. सकाळी १०
पाडवा. आजपासून एकवीस दिवस सगळा देश घरात. लोक चेहरे पाडून बसलेत. मी नाही. चार वर्षं म्हणत होतो, वेळ मिळाला की करतो. रिटायर माणसाला वेळ कुठं असतो? आता मिळाला.
संकल्प: सात नंबर. आमच्या कै. बँडमास्तरांनी स्वतः बांधलेला सलामी मार्च. वहीत सातव्या पानावर होता म्हणून सगळे सात नंबरच म्हणायचे. वाजवायला चाळीस माणसं लागतात. मी एकटा वाजवणार. प्रत्येक वाद्याचा भाग हॉर्नवर वेगळा वाजवायचा, मोबाईलवर घ्यायचा, राजेश्वरीकडं (मुलगी, पुण्यात, कॉम्प्युटरमध्ये नोकरी) पाठवायचा. ती सगळे तुकडे एका व्हिडिओत बसवणार. पडद्यावर चौकटीच चौकटी, प्रत्येक चौकटीत मी, युनिफॉर्ममध्ये.
तारीख एक मे, महाराष्ट्र दिन. वेळ सकाळी आठ.
नियम: सराव रोज चार तास. चहा बंद (ओठ सैल पडतात). शेंगदाणे बंद (कण नळीत जातात).
सकाळी ११: चहा घेतला. सण आहे.

२८ मार्च, शनिवार
हॉर्नची दुसरी कळ अडकली. तेल संपलंय, दुकानं बंद. शिलाई मशीनचं तेल घातलं. आता कळ खाली जाते, वर येत नाही.
अडला तो कलावंत कसला? हॉर्न म्हणजे शेवटी काय, गुंडाळलेली बारा फूट नळी. बागेला पाणी द्यायचा पाईप बारा फुटांवर कापला. एका टोकाला हॉर्नचं फुंकायचं तोंड बसवलं, दुसऱ्या टोकाला नरसाळं. सकाळी नऊला पहिला सूर. भरदार. जंगली म्हणता येईल असा.
साडेनऊला गौरीशंकर भिंतीवरून विचारत होते, गाय अडलीय का? डॉक्टरांचा नंबर आहे माझ्याकडं.
भुवनेश्वरीला नरसाळं हवं होतं, तेल डब्यातून बाटलीत ओतायला. तिला म्हटलं, दोन दिवस थांब. ती म्हणाली, दोन दिवस भाजी कशात करू? तिच्या माहेरी, अक्कलकोटकडं, कानडी बोलतात. चिडली की तिचं मराठी जातं. साकु, साकु, असं दोनदा म्हणाली. म्हणजे पुरे.
नरसाळं परत दिलं. कळ आपोआप सुटली. पाईप मात्र कापलेलाच राहिला. झाडांना आता बादलीनं.

१ एप्रिल, बुधवार
स्टुडिओ उभारला. पहिला पर्याय बाथरूम. आवाज घुमतो, पण वाजवताना उजवा हात हॉर्नच्या कर्ण्यात घालावा लागतो, कोपर नळाला लागतं आणि नळ सुरू होतो. युनिफॉर्म भिजला. (पँट बसते. शर्टाची वरची चार बटणं लागतात.)
दुसरा पर्याय: लोखंडी कपाट उघडून त्यात मोबाईल. साड्यांमुळं आवाज मऊ येतो. उत्तम. फक्त प्रत्येक वेळी "सुरू" दाबून, जागेवर जाऊन वळेपर्यंत मी पाठमोरा दिसतो.
राजेश्वरी म्हणाली, अप्पा, कानात इअरफोन लावा, मी टिकटिक पाठवते, तिच्याबरोबर वाजवा, म्हणजे सगळे तुकडे जुळतील.
तिला सांगितलं, बाळ, एकतीस वर्षांचा ताल माझ्या पायात आहे. यंत्रानं मला शिकवू नये.

५ एप्रिल, रविवार. दुपारी १
पहिला तुकडा पाठवला. तीन मिनिटं दहा सेकंद. एकही चूक नाही.
राजेश्वरीचा फोन. अप्पा, छान आहे, पण यात नुसतं पा, पा, पा असंच आहे. चाल कुठंय?
शिकलेल्या माणसांनासुद्धा समजावून सांगावं लागतं. मार्चमध्ये ढोल धम म्हणतो, हॉर्न पा म्हणतो. धम-पा, धम-पा. धम सगळ्यांना ऐकू येतं. पा कुणाला ऐकू येत नाही, पण ते नसेल तर पलटणीला दुसरा पाय टाकताच येणार नाही. एकतीस वर्षं मी पा वाजवलंय. प्रजासत्ताक दिनाला, स्वातंत्र्य दिनाला, मंत्र्यांना, शहिदांना. चाल कॉर्नेटवाले (छोटं ट्रम्पेट) वाजवतात. चाल काय, कुणीही वाजवतं.
राजेश्वरी म्हणाली, मग चाल कोण वाजवणार?
विचार करून सांगतो म्हणालो.

९ एप्रिल, गुरुवार
चाल म्हणजे वैजनाथ. आमचा कॉर्नेट. सध्या भूमला असतो. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. माझ्या निरोप समारंभात तो भाषणात म्हणाला होता की हॉर्न म्हणजे भाजीतला बटाटा. लोक हसले. मी पेढा खाली ठेवला होता.
तरी प्रोजेक्ट मोठा, माणूस लहान. फोन केला. आवाज ओळखू आला नाही. वैजनाथचे पुढचे चार दात गेलेत, वरचे दोन, खालचे दोन. नवे बसवायचे होते, डॉक्टरांनी माप घेतलं आणि लॉकडाऊन लागला. दाताशिवाय कॉर्नेट म्हणजे दाराशिवाय कुलूप, असं तोच म्हणाला. मग म्हणाला, सिद्ध्या, लई दिसांनी आठवण आली रं.
आवाज जरा ओला वाटला. हिरड्यांमुळं असेल.

११ एप्रिल, शनिवार
निर्णय. चाल मीच वाजवणार.
लोक म्हणतील, याला येते का? एकतीस वर्षं वैजनाथच्या मागं चार फुटांवर उभा होतो. ती चाल मी त्याच्यापेक्षा जास्त ऐकलीय, कारण वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू येत नाही.
संध्याकाळपर्यंत पहिली ओळ बसवतो. सोमवारपर्यंत सगळी.

१४ एप्रिल, मंगळवार
लॉकडाऊन तीन मेपर्यंत वाढला. योग्य निर्णय. पहिली ओळ बसायची आहे.
कपाटाशी तोंड करून गुदमरायला होतं. ४१ डिग्री. भुवनेश्वरीला साड्याही पाहिजेत. उद्यापासून गच्ची.

१७ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १२
आजची घटना वस्तुस्थितीला धरून लिहितो, कारण पुढं चौकशी होऊ शकते.
सकाळी आठ ते साडेनऊ गच्चीवर सराव. हॉर्नमध्ये श्वासाची वाफ थंड होऊन पाणी साचतं. ते काढायला हॉर्न गोल फिरवून उलटा करावा लागतो. ते पाणी आहे. थुंकी नाही. विज्ञान आहे. मी नेहमीप्रमाणं कठड्याबाहेर हॉर्न उलटा केला. खाली गौरीशंकरांची गच्ची आहे हे मला माहीत होतं. तिथं त्यांच्या मातोश्री शरणम्मा (वय ७८) कुरडया वाळत घालून राखणीला बसल्यात हे माहीत नव्हतं.
पाणी अर्धी वाटी असेल. कुरडया तीन चादरीभर.
शरणम्मांचा आवाज या वयात इतका असेल असं वाटलं नव्हतं. वरचा सा स्वच्छ लागला. पाच मिनिटांत गल्लीतली प्रत्येक गच्ची भरली. रोगाचे दिवस, आणि हा माणूस वरून थुंकतो! मी कठड्यावर उभं राहून वाफेचं शास्त्र सांगितलं. कुणी ऐकून घेईना. आवाज पोचावा म्हणून मध्ये एकदा हॉर्न वाजवला. ती चूक झाली असं भुवनेश्वरीचं म्हणणं.
मी माफी मागितलेली नाही. वाफेची माफी मागत नाहीत.

१८ एप्रिल, शनिवार
वॉर्डाची दक्षता समिती आली. चार माणसं, चार चौकोनांत उभी. अध्यक्ष गौरीशंकरच. मी युनिफॉर्मची टोपी घालून बाहेर गेलो.
गौरीशंकर नरमाईनं बोलले. सिद्धारामप्पा, तुमच्या वाजवण्याला आमची ना न्हाय. पण आई कालपासनं जेवली न्हाय. वर्षाच्या कुरडया होत्या. तुम्ही असं करा, बाजाला मास्क लावा.
मी म्हणालो, जगात कुठल्या हॉर्ननं मास्क लावलाय? ते म्हणाले, जगात कुठल्या हॉर्ननं कुरडया भिजवल्यात?
समिती हसली. मी सांगितलं की विचार करून लेखी उत्तर देईन.
घरात आलो तर भुवनेश्वरीनं जुन्या परकराचा तुकडा कापून, नाडी घालून, हॉर्नच्या कर्ण्याला मास्क शिवला होता. फुलाफुलांचा. मला विचारलंही नाही. आमच्या डब्यातल्या सगळ्या कुरडया तिनं शरणम्मांकडं भिंतीवरून दिल्या. तेही विचारलं नाही.
सायंकाळी ६: मास्क लावून वाजवला. आवाज दबून येतो, दुरून आल्यासारखा. मोठ्या बँडमध्ये असा परिणाम साधायला वेगळं सामान लागतं. मला परकरात साधला. समितीला लेखी कळवलं की कलात्मक कारणास्तव मास्क स्वीकारत आहे.

२२ एप्रिल, बुधवार
चाल शिकवणी. वैजनाथला वाटतं तो मला शिकवतो. प्रत्यक्षात त्याचं मन रमावं म्हणून मी फोन करतो. त्याची मंडळी मुलाकडं हैदराबादला अडकलीय, तो एकटाच आहे. सकाळी आठला फोन. तो तोंडानं एक ओळ गातो, दात नसल्यानं "ता रा रा" चं "था वा वा" होतं. मी ती ओळ वाजवतो. अभ्यासासाठी त्याचं गाणं भुवनेश्वरीच्या मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवतो.
आज तासभर झालं. मध्येच म्हणाला, काल दिवसभर कुणाशी बोललो न्हाय. भाजीवाला आला तेवढाच. मी म्हणालो, लक्ष दे, तिसरी ओळ परत.
मग तिसरी ओळ त्याला चारदा गायला लावली. मला पहिल्याच वेळी आली होती. तरी लावली.

२६ एप्रिल, रविवार
संपूर्ण चाल वैजनाथला फोनवर वाजवून दाखवली. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. न थांबता.
वैजनाथ म्हणाला, सिद्ध्या, भूमचं नेटवर्क लई खराब. एक आड एक सूर ऐकू येतोय.
फोन ठेवून रेकॉर्डिंग ऐकलं. नेटवर्क ठीक होतं. पहिल्या ठोक्याला ओठ उघडतच नाहीत. धम ऐकू आल्याशिवाय तोंडातून पा निघत नाही. एकतीस वर्षांची शिस्त आहे. चालीतले निम्मे सूर धमवर पडतात, ते सगळे गेले.
भुवनेश्वरीला म्हटलं, मी वाजवताना परात धमवर वाजव. ती म्हणाली, मला कणीक मळायचीय.
ओठांवर सूज. तूप लावलं. एक मे ठरलेला आहे. ठरलेली तारीख आम्ही पोलीस बदलत नाही.

३० एप्रिल, गुरुवार. सायंकाळी ७
सगळ्या फायली दोन्ही मोबाईलमधून राजेश्वरीला पाठवल्या. एकूण ६४. तिला कळवलं की मुख्य चाल सर्वांत शेवटी आहे, जरा मोकळी मोकळी आहे, रिकाम्या जागा शैली समजाव्यात.
गल्लीत सर्वांना निरोप दिला: उद्या आठ. शरणम्मांनाही. त्यांनी पदर नाकाला लावला.
बँडच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकलं: "सात नंबर पुनरागमन करत आहे. चाळीस वाद्यं, एक माणूस." अंगठे नऊ आले. वैजनाथचा नाही. नाराज असावा. त्याचं एकट्याचं नाव होतं या चालीवर, आता राहणार नाही. वाईट वाटलं. कलेत असं होतं.

१ मे, शुक्रवार. सकाळी ९
आठ वाजता व्हिडिओ आला. आठ वाजून एक मिनिटानं मी मोबाईल पलंगावर फेकला.
चौकटी सोळा. पंधरा चौकटींत मी, युनिफॉर्ममध्ये, फुलाफुलांच्या मास्कचा हॉर्न घेऊन पा, पा, पा. आणि मधल्या मोठ्या चौकटीत वैजनाथचा जुना फोटो, त्यावर त्याचा आवाज. था वा वा वा. फायली पाठवताना शिकवणीचं रेकॉर्डिंगही गेलं होतं. राजेश्वरीनं त्याचीच चाल लावली. माझी चाल नाहीच.
म्हणजे घरात, माझ्या प्रोजेक्टमध्ये, माझ्या डायरेक्शनखाली, मी परत वैजनाथच्या मागं चार फुटांवर.
ग्रुपवर चाळीसच्या चाळीस जणांचे मेसेज. वैजू, रडवलंस रे. वैजू, दाताशिवाय सुद्धा तूच. एकानं लिहिलं, मागं हॉर्न कोण?

दुपारी ४
राजेश्वरीला फोन केला. आवाज चढवून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, अप्पा, तुमची चाल वापरता येत नव्हती. आणि खरं सांगू, काकांच्या गाण्याखाली तुमचं पा आलं ना, तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.
मी म्हणालो, मस्का नको.
ती म्हणाली, फक्त तुमचा प्रत्येक पा थोडासा उशिरा येतो. सगळे. सारखाच उशीर. मी दोन रात्री जागून एकेक पा ओढून पुढं आणला. चारशे बारा होते.
मी सांगितलं, तुझं यंत्र बिघडलंय.

३ मे, रविवार. सकाळी ९
लॉकडाऊन आणखी वाढला. मी कुणाला फोन केलेला नव्हता. आठला वैजनाथचाच आला. म्हणाला, आज शिकवणी न्हाय का रं?
सरळ विचारलं. वैजू, मी उशिरा येतो का?
हसला. हवा दातांच्या फटीतून सुटली. म्हणाला, आता कळलं व्हय तुला?
मग त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. तू पहिल्या दिवसापासून उशिरा यायचास. मास्तरांनी तुला घालवायचं ठरवलं होतं. मग एक दिवस सगळ्यांना बोलावून म्हणाले, माणूस चांगला हाय, सांभाळून घ्या, सिद्धारामचा पा पडल्याशिवाय पुढचा धम मारायचा न्हाय. तेव्हापासून सगळा बँड तुझ्यासाठी इतकुसा थांबायचा. आम्हाला त्याची सवय झाली. राजेश्वरी झाली तवा तू रजेवर गेलास न्हवं का? त्या परेडला बँड इतका सरळ वाजला की एकाचा पाय दुसऱ्याशी जुळंना. मीच पडता पडता वाचलो. साहेब म्हणाले, आज बँडला काय झालंय?
मी मोबाईल या कानावरून त्या कानावर घेतला. तो म्हणाला, नेटवर्क गेलं का?
म्हणालो, हो.

५ मे, मंगळवार. सकाळी १०
दोन दिवस हॉर्न काढला नाही. पुसायलासुद्धा नाही. भुवनेश्वरीनं काल सांगितलं, गल्लीत सगळे विचारत होते, बाजा का बंद? तिला वाटलं मी खूश होईन. शरणम्मांनीही विचारलं म्हणे. खात्री करून घेत असतील.
दोन दिवस शांतपणे विचार केला. निष्कर्ष नोंदवतो.
एकतीस वर्षांत किती मंत्री आले, किती साहेब आले. गाडीला उशीर झाला, टोपी उडाली, पाऊस आला. बँड एकासाठीही थांबला नाही. एका माणसासाठी थांबला. रोज. मला हे कुणी सांगितलं नाही, कारण इतका मान तोंडावर सांगत नाहीत.
राजेश्वरीला फोन करून आदेश दिला. ओढून पुढं आणलेले चारशे बारा पा जिथं होते तिथं परत ठेव. मी जिथं वाजवलं, तिथंच ते बरोबर आहेत.
ती म्हणाली, अप्पा, मग काकांची चाल पुढं पळेल. जुळवायचं तर काकांनाच थोडं मागं आणावं लागेल, प्रत्येक ठोक्याला.
म्हणालो, आण. त्याला सवय आहे.